लिमामधील उंची रेस्तराँ आणि शाकाहारी जोडीदार : जावे की नाही?

आंबेमोहर

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता पेरूला जात आहोत. कुस्कोकडे निघण्यापूर्वी लिमामध्ये दोनच दिवस मिळतात आणि लग्नाचा पंचविसावा वाढदिवस नेमका त्यांतल्या एका दिवशी येतो, म्हणून तेथील एखाद्या नावाजलेल्या रेस्तराँत जेवावे असा बेत आहे. अडचण अशी की मी मासे खातो, पण सौ. पूर्ण शाकाहारी आहे. तिला अंडेही चालत नाही. 'सेंत्राल' आणि 'माइदो' ही नावे वाचून ठाऊक आहेत, परंतु एकामागून एक येणाऱ्या दहा-बारा पदार्थांच्या ठरीव मेनूत तिच्या पुढ्यात काय येईल, की मी चवीने जेवत असताना ती नुसते बटाटे चिवडत बसेल, याचा अंदाज येत नाही. खर्चाची तयारी आहे, मात्र तो वाया जाऊ नये. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सदाफुली

आंबेमोहर, तुम्हा दोघांचे आगाऊ अभिनंदन. बटाटे चिवडण्याचे म्हणाल, तर त्या देशात ती काही हलकी गोष्ट नव्हे. पेरूत बटाट्याचे तीन हजारांहून अधिक वाण आहेत आणि जांभळ्या गराचे, बोटासारखे लांबट, गाठीगाठींचे असे बटाटे तिथली उंची रेस्तराँ मोठ्या अभिमानाने वाढतात. डोंगरावरचे लोक बटाटे रात्रीच्या गारठ्यात गोठवतात, पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात. हाताला तो खडूच्या तुकड्यासारखा हलका आणि कोरडा लागतो.

तीन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन लिमाच्या बारांको भागातील अशाच एका ठिकाणी जेवले होते. त्या कट्टर शाकाहारी, त्यातून चतुर्थीचा उपास. त्यांच्यापुढे 'किविचा' नावाच्या बारीक दाण्यांच्या लाह्या आल्या, तेव्हा त्यांनी एक दाणा बोटाच्या टोकावर घेऊन निरखला आणि "अगं, हा तर राजगिरा!" असे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. तो खरोखरच राजगिऱ्याचा सख्खा भाऊ आहे. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीतला कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही पिके मूळची दक्षिण अमेरिका आणि तिच्या आसपासची आहेत, हे त्या दिवशी त्यांना सांगितले, तर त्यांचा बराच वेळ विश्वास बसेना.

आता मुद्द्याचे. 'सेंत्राल' २००८ साली लिमाच्याच मिराफ्लोरेस भागात सुरू झाले आणि २०१८ साली बारांकोत गेले. तिथले शेफ विर्हिलियो मार्तिनेस यांचा मेनू समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार मांडलेला असतो : समुद्राच्या पोटातून सुरुवात करून चार हजार मीटरवरच्या पठारापर्यंत, आणि प्रत्येक पदार्थासोबत त्याची उंची लिहिलेली. त्यांच्या पत्नी पिया लेओन यांचे 'कोये' हे रेस्तराँ त्याच वास्तूत आहे. तुमच्या जागी मी असते तर सौ.साठी 'कोये'चा विचार आधी केला असता, कारण तिथल्या रंगीत ताटल्यांत कंदमुळे आणि भाज्या सहज पुढे येतात. 'माइदो' हे मित्सुहारू त्सुमुरा यांचे 'निक्केई' पद्धतीचे, म्हणजे १८९९ पासून पेरूत येत गेलेल्या जपानी लोकांच्या हातची चव असलेले स्वयंपाकघर आहे. तिथे समुद्राचे राज्य आहे. तुम्ही खूश व्हाल, सौ. कितपत होतील याची शंका वाटते.

कुठेही गेलात तरी आहाराची अट आरक्षण करतानाच लिहून कळवावी, ऐन वेळी टेबलावर बसल्यावर नव्हे. दुसरी गोष्ट शब्दांची. तिकडे 'कार्ने' म्हटले की पुष्कळदा केवळ लाल मांस समजतात. एका साध्या खाणावळीत आम्ही "सिन कार्ने" म्हणजे "मांसाशिवाय" असे सांगून निर्धास्त झालो, तर सूपमध्ये कोंबडीचे तुकडे तरंगत आले आणि वाढणारा मुलगा मनापासून गोंधळला, कारण त्याच्या दृष्टीने त्यात मांस नव्हतेच. तेव्हा कोंबडी, मासे, कोळंबी, अंडे आणि कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेले काहीही नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे.

खलाशी

सदाफुलीताईंशी मी अंशतः असहमत आहे. आंबेमोहर स्वतः मासे खातात हे विसरून चालणार नाही, आणि लिमात येऊन सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसातला कच्चा मासा, दुपारी खाल्ले नाही तर काय खाल्ले? सेविचेची अस्सल दुकाने, म्हणजे सेविचेरिया, दुपारीच चालतात, कारण सकाळी आलेला मासा दुपारी संपवावा अशी तिथली रीत आहे. कच्च्या माशावर लिंबू पिळले की त्याचा पारदर्शक गर डोळ्यांदेखत पांढरा होत जातो. खाली उरलेल्या आंबट-तिखट रसाला ते 'लेचे दे तिग्रे' म्हणजे 'वाघाचे दूध' म्हणतात. आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणत. हे त्याहून पचायला सोपे आहे. म्हणून दुपारी सेविचे आणि रात्री दोघांसाठी एकच मोठे जेवण, असा बेत करावा. दोन्ही रात्री तो दहा-बारा पदार्थांचा ठरीव 'टेस्टिंग मेनू' घेऊ नये. एकेका जेवणाला सुमारे तीन तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी जीभ थकलेली असते.

मिरचीविषयी एक इशारा. 'रोकोतो' दिसायला लहानशा ढोबळी मिरचीसारखी असते. आत काळ्या बिया दिसल्या की थांबावे. मी थांबलो नव्हतो.

पाटावरवंटा

पिस्को, म्हणजे द्राक्षांपासूनचे तिथले मद्य, घालून केलेल्या 'पिस्को सावर' या पेयावरचा पांढरा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, हे वर कोणी लिहिलेले दिसले नाही. सौ. मद्य घेत असतील तर 'चिल्कानो' मागावे, त्यात पिस्को, लिंबू आणि जिंजर एल असते. घेत नसतील तर जांभळ्या मक्याची 'चिचा मोरादा' मागावी. 'पापा आ ला वांकाइना' म्हणजे पिवळी मिरची घातलेल्या चीजच्या रसातले उकडलेले बटाटे. ते मागवताना वरचे उकडलेले अंडे काढायला सांगावे. गोडात 'लुकुमा' चुकवू नये. झाड चिकूच्याच कुळातले आहे आणि गर उकडलेल्या रताळ्यासारखा पिठूळ लागतो.

आंबेमोहर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अंड्याच्या फेसाची गोष्ट वाचून सौ. म्हणाली की बरे झाले विचारले, नाहीतर तिने तो पहिल्याच संध्याकाळी प्यायला असता. खलाशींनी सुचवल्याप्रमाणे दुपारचे सेविचे माझ्या वाट्याला आणि रात्रीचे जेवण 'कोये'त, असे तूर्त ठरते आहे. शेवटचा एक प्रश्न : लिमाहून थेट कुस्कोला जायचे असल्याने आदल्या रात्री इतके जेवणे योग्य ठरेल का?

सदाफुली

आदल्या रात्रीचे चालेल, पण कुस्को ३४०० मीटरवर आहे आणि तिथे पोहोचल्यानंतरची पहिली संध्याकाळ मात्र हलके सूप घेऊन लवकर झोपण्याची ठेवावी. आम्ही उलट केले होते. सासूबाई ठणठणीत होत्या, आडवी झाले ती मी. आरक्षण आताच पाहावे, ऑगस्टमधल्या तारखा लवकर भरतात.