दिवाळीचं किट बंद करून हिशोबाचा वर्ग घ्यायचा का? आमच्याकडे दोन तट पडलेत

मुक्ता_हडपसर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण वाचा आणि खरंखरं सांगा.

आमच्या सोसायटीचा एक ग्रुप आहे, गेली सात वर्षं आम्ही मागच्या वस्तीतल्या साठेक घरांना दिवाळीचं किट देतो. रवा, मैदा, बेसन, साखर, तेलाची पिशवी, उटणं, चार पणत्या. एक किट साधारण साडेसहाशेला पडतं म्हणजे सगळे मिळून चाळीसेक हजार होतात. यंदा मीटिंगमध्ये एका काकांनी विषय काढला की आयुष्यभर रवाच देत बसणार का, त्यापेक्षा चार रविवार वर्ग घेऊ, घरखर्चाचं बजेट कसं करायचं ते शिकवू, प्रत्येकीला वही-पेन देऊ. निम्म्या लोकांना लगेच पटलं. बाकीचे म्हणतात सणाला पोरांच्या तोंडात करंजी पडते ती काढून घेऊन हातात वही देणार का. आवाज चढले, मीटिंग तशीच उठली.

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीत राहतात म्हणून मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या ताई, रवा मला तीन ठिकाणांहून येतो, तुमचा, गणेश मंडळाचा आणि नगरसेवकाचा. २०२२ च्या दिवाळीत तर रेशनला शंभर रुपयांत आनंदाचा शिधापण मिळाला होता, त्यातही रवा. त्या वर्षी त्यांनी तेलाच्या दोन पिशव्या किराणावाल्याला परत दिल्या आणि तेवढी उधारी कमी करून घेतली.

मग मी हिशोबाच्या वर्गाचं बोलले तर त्यांनी पिशवीतून मुलीची जुनी गणिताची वही काढली. मागची पानं सगळी भरलेली. दूध, गॅस, भिशी, गट, सासूच्या गोळ्या, रिचार्ज, प्रत्येकापुढे तारीख, दिले त्याला बरोबरची खूण आणि राहिले त्याला गोल. मी स्वतः आयटीत आहे, महिना संपला की पैसे कुठे गेले ते मला सांगता येत नाही, यांना दहा रुपयांचा हिशोब माहितीय. मला खरंच लाज वाटली. पण त्याच वहीत तीन वेगवेगळ्या कर्जांचे हप्ते होते आणि व्याज किती लागतं विचारलं तर म्हणाल्या ते माहीत नाही, आठवड्याचा आकडा माहीत आहे.

तर शिकवायचं की द्यायचं? आणि शिकवायचंच तर नक्की काय?

गटवाली_माण

ताई, मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात उमेदची, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) आहे, अकरा गट बघते. तुम्ही वही बघितली तेच फार बरं केलंत, बरेच लोक न बघताच शिकवायला येतात.

आमच्याकडची गोष्ट सांगते. म्हसवडला माणदेशी बँक आहे, १९९७ ची, बायांची. ती काढणाऱ्या चेतना सिन्हांनी पहिला अर्ज केला तेव्हा तो रिझर्व्ह बँकेने नाकारला होता कारण सभासद बाया अंगठेबहाद्दर. मग त्या बाया लिहाय-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नव्हतं पण हिशोब येतो, सांगा कुठल्याही मुद्दलाचं व्याज, तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना सांगा कॅल्क्युलेटर न घेता काढायला. परवाना मिळाला. तेव्हा गरीब बाईला हिशोब येत नाही हे डोक्यातून काढूनच वर्गाचा विचार करा.

अडतं कुठं तर तारखेत. पगार दहाला, हप्ता सहाला. मधल्या चार दिवसांसाठी बाई महिना शेकडा दहाने उचलते, तिथून सगळं घसरतं. यावर बजेटची वही काय करणार? तिथं गट उपयोगी पडतो कारण गटातनं तिला शेकडा दोनने त्याच दिवशी मिळतं आणि बाकीच्या नऊजणींना तिचं घर माहीत असतं. नाबार्डने १९९२ ला गट बँकेला जोडायला सुरुवात केली तेव्हापासून पंचसूत्री तीच आहे बघा, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. यात शिकणं पण आलं आणि पैसा पण आला, वेगळं काढताच येत नाही.

आणि शिकवायचंच असेल तर त्यांचं कर्जाचं कार्ड समोर ठेवून शिकवा. माझ्या गटातल्या एकीने तालुक्याच्या गावातल्या एका फायनान्सवाल्याकडनं ४०,००० घेतले, दोन वर्षं, तो म्हणाला महिना एक टक्का. तिला वाटलं स्वस्त. मी बैठकीत चाळीस बिब्ब्या मांडल्या, एक बिब्बी म्हणजे हजार. दर महिन्याला बिब्ब्या परत जातात, वर्षाने निम्म्या उरतात, शेवटी दोनच उरतात, पण तो व्याज मात्र शेवटपर्यंत चाळीस बिब्ब्यांचंच घेतोय. दोन वर्षांचं व्याज ९,६०० आणि उतरत्या शिलकीवर काढलं तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बाया गप्पच झाल्या. मग एकजण म्हणाली म्हणजे आपल्याकडं नसलेल्या पैशाचंबी व्याज देतोय की. हे पंचवीस मिनिटांत झालं, चार रविवार नाही लागले.

हमालाचा_पोरगा

मी लातूरचा, वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आमच्या घरात पैसा सोयाबीन यायला लागलं की यायचा, दसरा ते संक्रांत. उन्हाळ्यात आडत थंड, वडील दिवसभर बसून यायचे. आणि शाळा जूनमध्ये. वह्या, ड्रेस, फी, बूट, सगळं नेमकं तेव्हा जेव्हा घरात काहीच नसायचं. आईने दिवाळीत पाचशेची नोट डब्यात तळाला घालून वर तांदूळ ओतलेले मी बघितलेत, जूनसाठी. मार्चमध्ये आजी आजारी पडली की ती नोट गेली. मला सांगा यात बजेट कुठं चुकलं? आईला जून येणार हे माहीत होतं, तिने पैसे बाजूलाही काढले होते, फक्त दोन संकटांना एकच नोट होती.

आठवीत असताना एका संस्थेने वस्तीत असाच वर्ग घेतला होता. फळ्यावर लिहिलं, गरज आणि चैन. चैनीच्या खाली चहा लिहिला. वडील पोती उचलायचे, दुपारचं जेवण टाळून दोन चहावर काढायचे. आई उठून घरी आली. त्यानंतर त्या बाई दारात आल्या तरी आई बाहेर गेली नाही. आणि किटचंपण सांगतो, रांगेत उभं करून फोटो काढायचे, माझा एक फोटो पेपरात आला होता, वर्गात आठवडाभर ऐकावं लागलं. तेव्हा दोन्हींत माणसाची किंमत जाऊ शकते, देताना पण आणि शिकवताना पण.

मला विचाराल तर ते चाळीस हजार जूनमध्ये द्या. साठ घरांना साडेसहाशे, रोख, खात्यात, फोटोशिवाय. दिवाळीला सगळेच देतात, जूनला कोणी येत नाही.

पण एक कबूल करतो. आई अनेक वर्षं सावकाराला शेकडा दहा देत होती आणि दोन गल्ल्या सोडून बचत गट चालू होता, तिला कोणी सांगितलंच नाही. ती माहिती वेळेवर मिळाली असती तर माझ्या बहिणीची शाळा सुटली नसती असं मला आजही वाटतं. त्यामुळे शिकवू नका असं मी म्हणणार नाही.

अर्थशास्त्र_नागपूर

यावर जगभर बरंच काम झालंय, मी पीएचडीसाठी हेच वाचतेय म्हणून थोडक्यात टाकते.

आर्थिक शिक्षणाच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये आला होता, त्यात असं निघालं की असल्या वर्गांमुळे लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग समजावता येतो, कमी उत्पन्नाच्या लोकांत तर त्याहून कमी, आणि तासन्तास शिकवलं तरी वीसेक महिन्यांत परिणाम जवळपास पुसला जातो. त्यांचं म्हणणं होतं की निर्णय घ्यायचा असेल त्याच वेळी शिकवा. माणच्या ताईंनी बिब्ब्या मांडल्या तेच.

दुसरीकडे नुसतं देणंही पुरत नाही म्हणून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ ला अतिगरीब घरांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. शेळ्या, गाय किंवा दुकानाचा माल असं काहीतरी कमाईचं साधन फुकट, काही महिने खाण्यापुरते पैसे, बचतीची सोय, आणि आठवड्याला घरी येऊन शिकवणारा माणूस. नंतर सहा देशांत त्याची चाचणी झाली, भारतात पश्चिम बंगालमध्ये बंधन या संस्थेमार्फत. २०१५ ला निकाल छापून आले, कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही त्या घरांचं खाणं, कमाई, बचत बाकीच्यांपेक्षा बरी होती. शेळी विकायची वेळ येऊ नये म्हणून खाण्यापुरते पैसेही द्यायचे, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उपाशी घराला शेळी सांभाळायला शिकवलं तर ते घर शेळी विकणारच, आणि त्यांचं बरोबरच आहे.

निवृत्त_बँकवाला

मी नांदेड जिल्ह्यात ग्रामीण शाखांत एकतीस वर्षं काढली, साक्षरता शिबिरं पण भरपूर घेतली. खरं सांगतो, बहुतेक शिबिरं फोटो आणि चहा-बिस्किटात संपली. बॅनर लावायचा, केवायसी म्हणजे काय सांगायचं, सह्या घ्यायच्या.

उपयोगी पडली ती एकच गोष्ट आणि ती मी उशिरा शिकलो. मे महिन्याचा शेवट. सरकारच्या जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि अपघाताच्या सुरक्षा विम्याचे २० असे ४५६ रुपये तेव्हा खात्यातून कापले जातात कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. ज्याच्या खात्यात त्या दिवशी पैसे नाहीत त्याचा विमा बंद, आणि त्याला ते कळत पण नाही. एका बाईचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला, ती त्याचं पासबुक घेऊन माझ्या काउंटरला आली. आदल्या वर्षी दोन्ही हप्ते कापलेले होते, त्या वर्षी खात्यात ३१२ रुपये होते. मोठा हप्ता गेला नाही आणि वीस रुपयांच्या विम्यासाठी नवऱ्याने मध्ये कधीतरी नवा फॉर्म भरून दिला होता, त्यावर टाकलेलं जुनं खातं बंद झालेलं. चार लाख मिळाले असते. मी त्या दिवशी जेवलो नाही.

पुढच्या मेपासून मी घरोघरी गटाच्या बायांमार्फत निरोप पाठवायला लागलो, २० तारखेपर्यंत ४५६ खात्यात ठेवा. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचे आम्ही स्टाफने भरले, काहींचे. आता ह्याला शिक्षण म्हणायचं की दान? मला तर वेगळं करता येत नाही. आता लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात येतात तेव्हा बायांना स्वतःचं खातं चालू ठेवायची सवय तरी लागलीय, त्यातनंच हे ४५६ बाजूला ठेवायला सांगा. वयाची अट बघा मात्र, जीवन ज्योतीत शिरायला १८ ते ५०, सुरक्षेला १८ ते ७०.

आणि कर्जाबद्दल एक. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण मायक्रोफायनान्स देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्जदाराला समजेल त्या भाषेत माहितीपत्रक द्यायचं, त्यावर वर्षाचा खरा दर छापलेला पाहिजे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. तुमच्या मावशींना यातलं काय माहितीय विचारा.

मुक्ता_हडपसर

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं. काल मावशींना मुदतीआधी फेडलं तर दंड नाही हे सांगितलं तर त्या चपापल्याच, कारण गेल्या वर्षी भिशी लागली तेव्हा त्यांना एक कर्ज मिटवायचं होतं आणि वसुलीला येणारा म्हणाला होता की आधी फेडलं तर जास्त भरावं लागेल. त्यांनी त्यावर विश्वास ठेवून भिशीच्या पैशातून कपाट घेतलं आणि हप्ते चालूच ठेवले. इतके दिवस मला वाटत होतं की कपाट कशाला घेतलं असेल.

ग्रुपमध्ये मी आता असं मांडतेय. किट बंद, ते पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरांच्या खात्यात, यादी वस्तीतल्या दोन गटांच्या अध्यक्षांनी करायची, आम्ही नाही. दिवाळीला ज्यांना वाटेल त्यांनी आपापल्या ओळखीच्या घरी फराळ द्यावा, जसा शेजारी देतो तसा. वर्ग नाही घेणार, पण महिन्यातून एकदा आमच्यातला एक सीए आणि मी वस्तीतल्या समाजमंदिरात बसणार, ज्यांना कार्ड, पासबुक दाखवायचंय त्यांनी यावं. काका अजून नाराज आहेत, म्हणतात सवय लागेल. हमालांच्या पोराचं उत्तर त्यांना वाचून दाखवू का? परवानगी असेल तरच.

गटवाली ताई, पहिल्या दिवशी काय सांगू बायांना?

हमालाचा_पोरगा

दाखवा की. चहाचं नक्की वाचा.

गटवाली_माण

पहिल्या दिवशी काहीच सांगू नका, ऐका. संध्याकाळी पाच-सहाची वेळ ठेवा, सकाळी त्या कामावर असतात, सातनंतर स्वयंपाक. जागा गल्लीतून दिसेल अशी नको, कर्ज किती आहे ते शेजारणीला कळलेलं कोणालाच चालत नाही. आणि निरोप देताना सांगा की कार्ड ओरिजिनल आणा, झेरॉक्सवर मागच्या बाजूच्या नोंदी नसतात. बिब्ब्या नसल्या तर हरभरे चालतील.