रोज तोच रस्ता, तोच वेग. फुल मॅरेथॉनसाठी सरावात काय काय आणू?

कोथरूड_पहाट:
नमस्कार मंडळी, वय ४१, नोकरी आयटीत, गेली काही वर्षं हाफ (२१ किमी) पळतोय, सातारा हिल ही घाटातली हाफ पण झालीये. सपाट रस्त्यावर हाफला दोन तास लागतात, त्याच्या खाली काही केल्या जात नाहीये. येत्या जानेवारीत मुंबईला फुल पळायचंय, पहिलीच. सध्याचा सराव म्हणजे आठवड्यात पाच दिवस, पहाटे आठ ते दहा किमी, साधारण सहाच्या पेसने (म्हणजे किमीला सहा मिनिटं), आणि रविवारी सोळा-अठरा, तोही त्याच पेसने. ग्रुपमधला एकजण म्हणतो इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असे तुकडे) कर, दुसरा म्हणतो वेताळ टेकडी पकड बाकी सगळं सोड, तिसरा म्हणतो जिमला जा. तिघंही माझ्यापेक्षा फास्ट आहेत त्यामुळे तिघांचंही पटतं 🙂 पण ऑफिस आणि दोन मुलं सांभाळून सगळंच कसं बसवायचं? आत्ता ऑगस्ट आहे, म्हणजे पाच महिने हातात आहेत. पळायला मनापासून आवडतं, फक्त आता नीट शिकून पळायचंय.

सणस_मैदान:
दादा, तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा सहाचा पेस आहे. हाफ दोन तासात म्हणजे ५:४१ चा पेस झाला. त्या हिशोबाने फुलला तुम्हाला ६:१० ते ६:२५ जमावा, पहिलीच आहे म्हणून थोडा हात राखून सांगतोय. म्हणजे तुम्ही रोज सकाळी मॅरेथॉनच्या पेसपेक्षाही जरा जोरात पळताय! हा वेग शरीर सावरायला फार जास्त आहे आणि वेग वाढवायला फार कमी आहे, त्यामुळे दमणूक तर रोज होते आणि वेळ मात्र हलत नाही.

आधी सोपे दिवस खरोखर सोपे करा. ६:४५ ते ७:१५, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. सुरुवातीला खूप हळू वाटेल, लोक ओलांडून जातील, जाऊ द्या. आठवड्यातलं बहुतेक पळणं असंच असू द्या. या हळू पळण्यातच स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, चरबी जाळून पळायची सवय लागते, आणि ३० किमीनंतर तीच कामाला येते.

मग मंगळवारी जोर लावा. एक आठवडा ८०० मीटरचे पाच-सहा तुकडे, प्रत्येकी साधारण ४:१० मध्ये, मधे ४०० मीटर हळू जॉग. पुढच्या आठवड्यात टेंपो, म्हणजे तासभर टिकवता येईल असा वेग, तुमच्यासाठी ५:३० च्या आसपास, आधी वीस मिनिटं, मग वाढवत न्या. दोन्ही एकाच आठवड्यात नको. शुक्रवारच्या सोप्या रनच्या शेवटी शंभर-शंभर मीटरचे चार-पाच स्ट्राइड्स टाका, जीव तोडून नाही, नुसतं मोकळं सुटायचं. पायांना वेग आठवत राहतो आणि थकवा काही येत नाही.

यवतेश्वर_घाट:
वरचं सगळं मान्य, पण टेकडीला एवढं बाजूला ठेवू नका. मी साताऱ्याची, आमचा सराव घाटातच होतो, आणि मला विचाराल तर नवीन माणसाने पहिले सहा-आठ आठवडे इंटरव्हलच्या जागी चढच घ्यावेत. चढावर हृदय आणि फुप्फुसं तेवढीच कामाला लागतात, पण वेग कमी असल्याने पायावर आपटणं कमी, दुखापतीची भीती कमी. वेताळ टेकडीच्या एआरएआयकडच्या चढावर साठ ते नव्वद सेकंद जोरात वर, चालत खाली, असं सहा-आठ वेळा. मान खाली घालू नका, पावलं छोटी ठेवा, हात चालू द्या.

आणि उतार!! याबद्दल कोणी बोलतच नाही. सातारा हिल तुम्ही पळालाय म्हणजे परतीच्या उतारानंतर दोन दिवस जिन्यावरून उतरताना मांड्या काय म्हणतात ते माहितीच असेल. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याने तो जास्त फाटतो, पण सवय झाली की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने कमी दुखतो. मुंबईच्या फुलला पेडर रोडचा चढ-उतार परतीच्या वाटेवर येतो, ३५ किमीच्या पुढे, पाय आधीच संपलेले असताना. तेव्हा महिन्यातून दोन लाँग रनमध्ये (रविवारच्या लांब पळण्यात) तरी चढ-उतार असू द्या.

आमच्या माणदेशातल्या ललिता बाबरचंच बघा ना. मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांमध्ये २०१२ पासून सलग तीन वर्षं पहिली, आणि मग ३००० मीटर स्टीपलचेसला वळून २०१६ ला रिओमध्ये ऑलिम्पिक फायनल. ४२ किमीवरून थेट अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या! त्यांच्याबद्दल वाचलं की आजही अंगावर काटा येतो.

बीड_ते_पुणे:
ताईंनी मनातलं बोललात. आमच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे पण स्टीपलचेसवाला, पण २०२० ला दिल्लीत हाफ १ तास ३० सेकंदात पळाला, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. एकाच प्रकारात अडकून न राहणारी माणसं आहेत ही.

जिमबद्दल दोन शब्द. मॅरेथॉनवाल्याला बॉडी बनवायची नसते त्यामुळे तासभर नको, आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं घरीच बास. एका पायावर उठबस, पुलाचा व्यायाम (पाठीवर झोपून कंबर वर उचलायची), प्लँक, आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, हे शेवटचं गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून दोन्ही करा, कारण पोटरीतले दोन स्नायू वेगळे आहेत. जोराच्या दिवशीच संध्याकाळी करा म्हणजे सोपा दिवस सोपाच राहतो. चाळिशीनंतर हे टाळू नका हो.

दादर_चौपाटी:
मुंबईकडून एक भर. पुण्याची थंड हवा आणि इकडची दमट हवा यात खूप फरक आहे, जानेवारीतसुद्धा. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि तोच पेस जड जातो. चार-साडेचार तास पळणाऱ्याला शेवटी ऊनही लागतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमधले एक-दोन लाँग रन जरा उशिरा सुरू करा, आणि एनर्जी जेल, खजूर, मीठपाणी जे काय घेणार ते त्याच दिवशी तपासून बघा. लाँग रन हळूहळू ३०-३२ पर्यंत न्या, त्यापुढे नको. त्यातल्या काहींचे शेवटचे सात-आठ किमी मॅरेथॉन पेसने. शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत जायचं.

कोथरूड_पहाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी समजावलं नव्हतं. असं ठरवतोय, सप्टेंबर अखेरपर्यंत मंगळवारी एआरएआयचा चढ, मग इंटरव्हल आणि टेंपो आलटून-पालटून, बाकी दिवस गप्पांचा वेग. आज सातच्या पेसने पळून बघितलं, ऑफिसला एकदम ताजातवाना पोचलो. एकच शंका, सोमवारी रात्री उशिरा परदेशी कॉल असला आणि झोप झाली नाही तर बुधवारी जोर लावू का?

सणस_मैदान:
लावा की, फक्त मग गुरुवार सोपा ठेवा आणि रविवारचा लाँग रन जागचा हलवू नका. जोराच्या दोन दिवसांमधे ४८ तास तरी सुटले पाहिजेत. बुधवारही हुकला तर त्या आठवड्यात सोडून द्या, शनिवारी भरपाई करायला जाऊ नका.