टोप-तलवारी ठीक, पण हट्सचं काय?

नाइट्स ऑफ कोलंबस म्हणजे पिसांचे टोप घालून तलवारी मिरवणारा कॅथलिक पुरुषांचा क्लब, असं बरेचदा म्हटलं जातं. मिरवायचे हे खरंय, पण पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या हट्स सांगायच्या राहिल्याच की! अमेरिकेतल्या छावण्यांत आणि पुढे फ्रान्समध्ये त्यांनी सैनिकांसाठी हट्स, म्हणजे विसाव्याच्या जागा, काढल्या, बाहेर पाटी 'एव्हरीबडी वेलकम, एव्हरीथिंग फ्री', म्हणजे ज्यू असो प्रोटेस्टंट असो, आत ये, सिगरेट घे, चॉकलेट घे, घरी पत्र लिहायला कागद घे, पैसे कुणी मागणार नाही. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या कॅन्टीनमध्ये सिगरेटचे पैसे पडायचे म्हणून पोरं कुरकुरायची (त्या बिचाऱ्या वायएमसीएवाल्यांच्या गळ्यात लष्कराची कॅन्टीनं चालवायचं काम पडलं होतं, तेही धरा), त्यामुळे हे 'केसी', नाइट्स ऑफ कोलंबसच्या के-सी या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव, जास्तच लाडके झाले.

आणि युद्ध संपलं म्हणून गाशा गुंडाळला नाही, परत आलेल्यांना नोकऱ्या शोधून द्यायच्या, त्यांच्यासाठी रात्रशाळा चालवायच्या हे सुरूच. तसंही मूळ काम विम्याचंच ना, १८८२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनला फादर मॅकगिव्हनींनी हे काढलं तेच कमावता माणूस गेला तर मागे बायकापोरं उघड्यावर पडू नयेत म्हणून.