अटींमध्ये लवाद बेंगळुरूचा, तक्रार साताऱ्यातून चालेल का?

माणदेशी_वाचक:
ॲपवरून ३८,५०० रुपयांचा फ्रिज. चौथ्या महिन्यात कॉम्प्रेसर बसला, वॉरंटी वर्षाची. ॲपवाले विक्रेत्याकडे बोट दाखवतात, विक्रेता उत्पादक कंपनीकडे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार 'निकाली' दाखवून बंद केली. ॲपच्या अटींत लिहिलंय की वाद ऑनलाइन लवादापुढे (म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचापुढे), ठिकाण बेंगळुरू. साताऱ्याच्या ग्राहक आयोगात ऑनलाइन जाता येईल? वकील लागतोच का?

कलम_३४:
जाता येईल. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा प्रश्न मिटवला. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. १९१५ ही फक्त समेटाची पायरी, तिथे आदेश होत नाही. त्यामुळे तिथलं 'निकाली' आडवं येत नाही.

मात्र मेलवर लवादाची नोटीस आली तर गप्प बसू नका. लेखी हरकत लगेच पाठवा, नाहीतर एकतर्फी निवाडा होतो आणि तो रद्द करायला लवाद कायद्याखाली तीन महिन्यांत धावावं लागतं. (तिथलं कलमही ३४च. गफलत नको.)

दप्तरी:
वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर खातं उघडा, सातारा जिल्हा आयोग निवडा. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असली की शुल्क शून्य. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत या.

अडतं ते बहुधा सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या, नावात. ॲपचं नाव म्हणजे कंपनीचं नाव नव्हे. बिलावर 'विक्रेता' म्हणून छापलेलं पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक बघा. पत्ता अपुरा असेल तर ॲपकडे लेखी मागा, खरेदीनंतर ग्राहकाने मागितल्यावर तो देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांना बंधनकारक आहे. विक्रेता, ॲपची कंपनी, उत्पादक अशा तिघांना पक्षकार करा. एक सुटला की बाकीचे दोघे त्याच्याच नावाने बिल फाडतात.

पुरावा_पेटी:
कागदांबद्दल. कापलेले स्क्रीनशॉट नकोत, ऑर्डर क्रमांक आणि तारीख एकाच चौकटीत दिसू द्या. व्हॉट्सॲपचा संवाद पूर्ण एक्सपोर्ट करा. मेल छापताना पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ राहू द्या. मेकॅनिकच्या जॉबशीटवर 'कॉम्प्रेसर नादुरुस्त' हे शब्द असतील तर अर्धं काम तिथेच झालं. 'कूलिंग कमी' एवढंच लिहिलं असेल तर पुन्हा तपासणी मागून घ्या. दोष वादात राहिला तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि प्रकरण लांबतं. पानांना क्रमांक, सोबत सूची आणि शपथपत्र.

कलम_३४:
एक भर. आयोगाची नोटीस आणि तक्रारीची प्रत सामनेवाल्याला पोचल्याची तारीख टिपून ठेवा. तिथून त्याच्या लेखी जबाबाला ३० दिवस, वाढवून दिले तर आणखी फार तर १५. त्यापुढे मुदत देण्याचा आयोगाला अधिकारच नाही, असं हिली मल्टिपर्पज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. ४६ व्या दिवशी जबाब आला तर त्याच निकालावर बोट ठेवून हरकत घ्या.

माणदेशी_वाचक:
आणि आयोगाने मध्यस्थीला पाठवायचं म्हटलं तर?

दप्तरी:
दोन्ही बाजूंची लेखी संमती लागते. बदली फ्रिज किंवा पैसे परत देणार असतील तर जा. तडजोडीत तारीख, रक्कम, जुना फ्रिज कोण उचलणार हे सगळं लिहून घ्या. नुसत्या कूपनच्या तडजोडीवर सही करू नका.