बाळासाठी सौम्य शाम्पू आणि बॉडी वॉश कसा निवडावा?

रामबागकर (इंदूर) :
नमस्कार. माझी मुलगी पाच महिन्यांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि एरवी बोअरवेलच्या पाण्यावर भागवावे लागते. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि अंघोळीनंतर मुलीचे गाल व पाय कोरडे पडून लालसर होतात. सासूबाई डाळीचे पीठ आणि दूध लावायला सांगतात, तर दुकानदार ‘हर्बल’ लिहिलेली बाटली पुढे करतो. लेबलवर नेमके काय पाहावे? दोघांना एकच बाटली चालेल का?

माळवाकन्या :
ताई, आधी पाण्याचा विचार करावा. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार होतो आणि तो त्वचेवरच राहतो. शिवाय साबणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) 9 ते 10 असतो, तर त्वचेचा साधारण 5.5 च्या आसपास. म्हणून साबणविरहित, म्हणजे सिंडेट प्रकारचा, पीएच 5.5 छापलेला बॉडी वॉश घ्यावा. बाटलीचा दर्शनी भाग सोडून मागची यादी वाचावी, कारण तिथे मुख्य घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. पहिल्या काही नावांत सोडियम लॉरिल सल्फेट दिसले, तर बाटली परत ठेवावी. सोडियम लॉरेथ सल्फेट हा त्याहून सौम्य घटक आहे, आणि डेसिल किंवा कोको ग्लुकोसाइड आणखी सौम्य. मुलीची त्वचा लाल होते आहे, तेव्हा सुगंध नसलेलेच घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘टिअर-फ्री’ हा शब्द फक्त डोळ्यांच्या चुरचुरीपुरता आहे आणि ‘हर्बल’मध्येही सुगंध असू शकतो.

आजी_लोकमान्यनगर :
सूनबाई, कोरड्या आणि लाल त्वचेवर पीठ चोळू नये. ते खरखरीत असते, आणि त्वचा तडकलेली असली तर दूध-डाळीतील प्रथिने आत शिरून त्यांची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका असतो. रिठ्याचे पाणीही बाळाच्या डोक्याला नको, डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. पाच महिन्यांच्या बाळाला रोज अंगभर बॉडी वॉश लागतच नाही. मान, काखा, जांघा यांच्या घड्या आणि लंगोटाची जागा एवढ्यापुरता थोडा वापरावा, बाकी अंगाला कोमट पाणी पुरते. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी, शेवटचा तांब्या साठवलेल्या नर्मदेच्या पाण्याचा घालावा, पंच्याने न घासता टिपावे आणि अंग किंचित ओलसर असतानाच बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावावे. मालिशीला खोबरेल चालेल, मोहरीचे तेल मात्र टाळावे. मुलीचीच सौम्य बाटली मुलालाही चालेल; तो मातीत खेळून आला की त्याचे हातपाय नीट धुवावेत आणि केस आठवड्यातून एक-दोनदा शाम्पूने धुतले तरी पुरे.

रामबागकर :
आजी, ताई, मनापासून आभार. मुलीच्या टाळूवर पिवळसर खपलीही आहे. तिला वेगळा शाम्पू लागेल का?

माळवाकन्या :
बहुधा नाही. थोडे तेल लावून खपली मऊ होऊ द्यावी, मग सौम्य शाम्पूने धुऊन मऊ ब्रश फिरवावा. नखाने काढू नये. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. गालांवरची लाली आठवडाभरात उतरली नाही, ओलसर झाली किंवा मूल खाजवून झोपेतून उठू लागले, तर तो एक्झिमा (त्वचेचा खाज सुटणारा दाह) असू शकतो. बाटल्या बदलत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि सध्याची बाटली सोबत न्यावी.