जीटीके अ‍ॅपचं रंगरूप कोणी ठरवायचं: बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने?

खिडकीवाला

लिनक्सवर अ‍ॅपच्या खिडक्या, बटणं, मेनू काढून देणाऱ्या ज्या लायब्रऱ्या आहेत त्यांत जीटीके मोठी. तिच्यात पूर्वी अख्ख्या डेस्कटॉपसाठी एक थीम निवडता यायची आणि सगळी अ‍ॅप्स मुकाट तिच्याप्रमाणे दिसायची. ३१ डिसेंबर २०२१ ला जीटीकेवर बसणारी लिबअद्वैता १.० ही लायब्ररी आली, नोम या लिनक्स डेस्कटॉपची अ‍ॅप्स एकेक करून तिच्यावर गेली आणि ही सोय संपली. ही लायब्ररी स्वतःचीच स्टाइलशीट (रंगरूपाचे नियम लिहिलेली फाइल) लावते. तुम्ही सेटिंगमध्ये कुठली थीम ठेवली आहे, याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मिंटसारखी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सची तयार बांधून दिलेली आवृत्ती) वापरणाऱ्याला काय दिसतं? फाइल मॅनेजर एका रूपात, कॅल्क्युलेटर भलत्याच. म्हणून तर मिंट २२ मध्ये (२०२४) कॅल्क्युलेटर, सिस्टम मॉनिटर वगैरे अ‍ॅप्स जीटीके ३ वाल्या जुन्या आवृत्त्यांवर परत न्यावी लागली. पुढे त्यांनी लिबअद्वैतापासून फुटून थीम मानणारी लिबअडाप्टाही काढली. एवढा उपद्व्याप कशासाठी? मशीन माझं, डोळे माझे, मग बटण कसं दिसावं हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने का ठरवायचं?

बटणबहाद्दर

कारण ते बिघडलं की शिव्या अ‍ॅप लिहिणाऱ्यालाच बसतात.

मी एक छोटं जीटीके अ‍ॅप सांभाळतो. नोंदी कायमच्या पुसणारं बटण लाल दिसावं म्हणून त्याला 'डिस्ट्रक्टिव्ह-अ‍ॅक्शन' हा क्लास (स्टाइलशीटला ओळखता येणारी खूण) दिला आहे. एका डिस्ट्रोने पहिल्यापासून लावून दिलेल्या थीममध्ये सगळ्या बटणांची पार्श्वभूमी सरसकट करडी, आणि निवडक (नियम कुठल्या घटकाला लावायचा ते सांगणारा भाग, सिलेक्टर) असा लिहिलेला की माझा क्लास त्याच्यापुढे टिकेना. 'रद्द करा' आणि 'कायमचे पुसा' शेजारीशेजारी, हुबेहूब सारखे. मग तक्रार कोणाकडे येणार? थीमवाल्याचं नाव युजरला माहीतही नसतं.

२०१९ मध्ये काही अ‍ॅप लेखकांनी 'आमच्या अ‍ॅप्सवर थीम चढवू नका' असं खुलं पत्र काढलं, ते याच कारणाने. ते नीट वाचा. हौसेने आपल्या मशीनवर रंगरंगोटी करणाऱ्यांना त्यात कोणी अडवलेलं नाही. राग होता तो न विचारता सगळ्यांच्या माथी थीम मारणाऱ्या डिस्ट्रोंवर.

खिडकीवाला

थीमवाले बेजबाबदार हे अर्धं मान्य. पण त्यांचे हाल कोणी केले? जीटीके ३ मध्ये सीएसएस (स्टाइलशीट लिहायची भाषा) आलं तेव्हा निवडकात 'जीटीकेबटन' असं लिहायचं. २०१६ ला ३.२० मध्ये ते नुसतं 'बटन' झालं, घटकांची आतली रचनाही बदलली, आणि रात्रीतून ढिगाने थीम मोडल्या. आधी वर्षानुवर्षं स्थिर पाया द्यायचा नाही, आणि मग म्हणायचं की थीम सारख्या मोडतात म्हणून थीमच नकोत. वा!

काना_मात्रा

मी भाषांतर करते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. एका अ‍ॅपवर कोणीतरी 'सुटसुटीत' थीम चढवली होती. बटणाची मॅक्स-हाइट (कमाल उंची) २२ पिक्सेल, आतलं पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) शून्य. इंग्रजीत 'अनडू' मस्त मावतं. मराठीत तिथे 'पूर्ववत करा' आलं आणि वरचा रफार गेला, खालचा ऊकारही गेला. मधलं धड तेवढं शिल्लक. देवनागरीला रेषेच्या वरही जागा लागते आणि अक्षराच्या खालीही, हे थीम बनवणाऱ्याच्या गावी नसतं, कारण त्याने ती एकाच भाषेत तपासलेली असते. अ‍ॅप लिहिणाऱ्याकडे निदान भाषांतर करणारा माणूस जाऊन सांगू तरी शकतो. माझं मत बटणबहाद्दरांना.

सेमीकोलन

@काना_मात्रा, तुमचं अ‍ॅप क्यूटीवरचं असणार, म्हणजे जीटीकेसारख्याच दुसऱ्या टूलकिटवरचं. जीटीकेच्या सीएसएसमध्ये मॅक्स-हाइट हा प्रकारच नाही, फक्त मिन-हाइट (किमान उंची) आहे. मजकूर उंच असला की बटण आपोआप वाढतं. क्यूटीच्या स्टाइलशीटमध्ये मात्र मॅक्स-हाइट चालते आणि मजकूर खुशाल कापला जातो. शिवाय तिथे बटणाला नुसती बॉर्डर दिली तरी सिस्टमचं मूळ रेखाटन सुटतं आणि मग दाबलेलं, बंद, फोकस असलेलं अशी एकेक अवस्था हाताने रंगवत बसावं लागतं. एका टूलकिटचं पाप दुसऱ्याच्या माथी नको.

काना_मात्रा

हो, क्यूटीच. पण ती थीम अ‍ॅपवाल्याची नव्हती, बाहेरून लादलेली होती. माझा मुद्दा तिथेच आहे. टूलकिट बदललं म्हणून तो बदलत नाही.

जाडचष्मा

तुमचं सगळं भांडण देखणेपणावर चाललंय. मला काळ्यावर पिवळी अक्षरं लागतात, एरवी वाचताच येत नाही. जुन्या जीटीकेत तशी थीम एकदा लावली की काम झालं. लिबअद्वैतात हाय कॉन्ट्रास्ट (ठळक रंगभेदाचं रूप) आहे, पण तो त्यांनी ठरवलेला. मला हवा तो नाही.

बटणबहाद्दर

@जाडचष्मा, तुमची सोय अजून शाबूत आहे. होम फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये जीटीके-४.० नावाच्या फोल्डरात सीएसएस फाइल ठेवा. जीटीकेत थीमचं प्राधान्य २००, अ‍ॅपच्या स्वतःच्या सीएसएसचं ६०० आणि युजरच्या फाइलचं ८००. म्हणजे शेवटचा शब्द आजही वापरणाऱ्याचाच आहे. खिडकीची पार्श्वभूमी, अक्षरं, अ‍ॅक्सेंट (निवडलेलं किंवा महत्त्वाचं उठून दिसावं म्हणूनचा रंग) असे नाव दिलेले रंग तेवढे बदला, बटणांच्या मापांना हात लावू नका. लाल बटण लालच राहील.

खिडकीवाला

आणि फ्लॅटपॅक, म्हणजे सँडबॉक्समध्ये (बाकी सिस्टमपासून अलग कप्प्यात) चालणारी अ‍ॅप्स? त्यांना ती फाइल दिसतच नाही. त्या फोल्डरची परवानगी वेगळी द्यावी लागते, बहुतेक वेळा टर्मिनलमधून. ज्या माणसाला अक्षरंच दिसत नाहीत त्याने आधी टर्मिनल उघडायचं, हा कुठला न्याय? ८०० चा आकडा कागदावर छान आहे.

बाकी तुमच्या औदार्याचं म्हणाल तर नोम ४७ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला, अ‍ॅक्सेंटचे रंग निवडायला मिळाले. किती? नऊ! नवरात्रात पेपरवाले ठरवून देतात तसे. बाकी वर्षभर काय नेसायचं ते आम्हीच बघतो हो.

सेमीकोलन

नऊ का होईना, पण ते प्रत्येक अ‍ॅपला अधिकृतपणे कळतात आणि अ‍ॅप त्यांच्यासकट तपासून बाहेर पडतं. बाहेरच्या थीमबद्दल असं कोण छातीठोक सांगेल? मला विचाराल तर भांडायचंच असेल तर नऊचे नव्वद करा म्हणून भांडा. त्यात जाडचष्मांचा पिवळा-काळाही सेटिंगमध्येच बसेल, फाइल नको की टर्मिनल नको. कोपऱ्यांची गोलाई आणि पॅडिंग मात्र अ‍ॅपवाल्याकडेच राहू द्या.

खिडकीवाला

पॅडिंगच तर नको आहे मला! माझा लॅपटॉप १३६६ गुणिले ७६८ चा. त्या जाडजूड हेडरबारने (खिडकीच्या माथ्यावरच्या बटणांच्या पट्टीने) वरची जागा खाल्ली की स्प्रेडशीटच्या दोन ओळी गेल्या. रंग तुम्हीच ठेवा, मला उंची कमी करून द्या.

बटणबहाद्दर

युजरच्या त्याच फाइलमध्ये हेडरबारची मिन-हाइट आणि आतल्या बटणांचं मार्जिन कमी करा. मोडलं तर माझ्याकडे तक्रार नोंदवण्याआधी ती फाइल बाजूला काढून अ‍ॅप पुन्हा चालवून बघा.

जाडचष्मा

म्हणजे माझा पिवळा-काळा 'चालेल', यांची उंची 'तुमच्या जबाबदारीवर', आणि फ्लॅटपॅकबद्दल अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.