122 होमरन, पण हंगाम पाच!

फटकेबाज:
परवा एकाने ठोकून दिलं, "ओक्लाहोमा विद्यापीठाच्या जॉसलिन ॲलोइतकी मोठी हिटर अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये झालीच नाही, विषय संपला." असा बरा संपेल! तिचे 122 होमरन, म्हणजे कुंपणापार फटके, 2018 ते 2022 हंगामवार मोजा: 30, 16, 8, 34, 34. पहिल्या चारांचे होतात 88. त्याच ओक्लाहोमाच्या लॉरेन चेंबरलेनने 2012 ते 2015 या चारच हंगामांत 95 मारले. जादा वर्ष मिळालं की कुणीही पुढे जाईल.

कॅचरबाई:
कुणीही? कोविडमुळे जादा वर्ष तेव्हा सगळ्याच मुलींना मिळालं होतं. किती जणींनी मारले 122? आणि तो 8 चा आकडा बरा गुपचूप मोजलात! 2020 चा हंगाम मार्चमध्येच गुंडाळला होता.

फटकेबाज:
2020 सोडला. 2019 चे 16? तेव्हा कुठली साथ होती?

निवृत्त पंच:
बेरजा पुरे. 2022 च्या फेब्रुवारीत ॲलो चेंबरलेनच्या 95 वर पोचली आणि तिथेच अडकली, कारण पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या, खेळण्याजोगा बॉलच देईनात. वॉकवर वॉक, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला न मारताच पहिल्या बेसवर धाडायचं! 96वा आला तो 11 मार्चला, होनोलुलूत, तिच्याच हवाईत. मुद्दाम वॉक देणं हा शुद्ध भित्रेपणा आहे. बंद करा तो.

पिचरचा बाप:
काय बंद करा? माझी लेक पिचर आहे. 43 फुटांवरून बॉल टाकायचा आणि तोच फटका होऊन अंगावर यायचा. मागच्या वर्षी नडगीवर बसला, दोन महिने लंगडत होती. वॉक नियमात आहे. पंचांनी नियम पाळावेत, शौर्यावर व्याख्यानं देऊ नयेत.

निवृत्त पंच:
तीस वर्षं नियमच पाळले. माझ्यावर घसरायचं कारण नाही.

कॅचरबाई:
मी कॅचर होते. आमच्या कोचने एकदा शेवटच्या इनिंगला त्यांच्या तगड्या बॅटरला वॉक द्यायला लावला. पुढची किरकोळ वाटली होती. तिने पहिलाच बॉल कुंपणाबाहेर टाकला, दोन रनांनी हरलो. वॉक फुकट नसतो हो. ॲलोला वॉक दिला तरी त्याच संघात टियारे जेनिंग्जसारखी दुसरी तगडी बॅटर होती!

फटकेबाज:
म्हणजे संघ भारी होता. माझंच म्हणणं झालं की.

कॅचरबाई:
चेंबरलेनचा संघ काय गल्लीतला होता? 2013 ला तोही विजेताच. ॲलोचा संघ 2021 आणि 2022, लागोपाठ दोनदा जिंकला, आणि दोन्ही वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तीच.

फटकेबाज:
बरं बाई, ॲलो महान. खूश? तरी एका हंगामात ॲरिझोनाच्या लॉरा एस्पिनोझाने 1995 ला 37 मारले होते. ॲलो दोन्ही वेळा 34 वर थांबली.

निवृत्त पंच:
वॉक दिले नसते तर थांबली नसती.

पिचरचा बाप:
पुन्हा तेच! असो, नडगी आता बरी आहे. विचारलं नाही कुणी.